ॲक्सेसची फाइल, लिनक्सचा संगणक: डेटाबेस कुठला निवडायचा?

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा आधार थांबवला. व्यवस्थित चालणाऱ्या कितीतरी संगणकांमध्ये विंडोज ११ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही किंवा प्रोसेसर मान्य यादीत बसत नाही. म्हणून छोट्या संस्था, शाळा, दुकानं, कार्यालयं उबुंटू किंवा लिनक्स मिंटकडे वळताहेत. ब्राउझर तोच राहतो, वर्ड-एक्सेलचं बरंचसं काम लिबरऑफिसवर भागतं. अडतं ते एका फाइलपाशी: सभासद, पावत्या, साठा, थकबाकी असं सगळं ज्यात वर्षानुवर्षं साठलंय ती ॲक्सेसची एमडीबी किंवा एसीसीडीबी फाइल. ॲक्सेस फक्त विंडोजवर चालतं. लिनक्ससाठी ते कधी आलंच नाही, मॅकसाठीही नाही.

मग शोध सुरू होतो ‘लिनक्सवरचं ॲक्सेस’ या नावाने, आणि तिथेच वाट चुकते. ॲक्सेस ही एक वस्तू दिसत असली तरी आत चार निरनिराळ्या गोष्टी आहेत. एक, माहिती साठवणारं इंजिन आणि त्यातली टेबलं. दोन, साठवलेल्या क्वेरी, म्हणजे माहितीला विचारायचे ठरलेले प्रश्न. तीन, फॉर्म आणि रिपोर्ट. चार, बटणांमागे व्हीबीए या भाषेत लिहिलेला कोड. लिनक्सवरचा कुठलाही प्रोग्रॅम या चारही गोष्टी जशाच्या तशा उचलत नाही. टेबलं जवळपास पूर्ण येतात, क्वेरी दुरुस्त करून येतात, फॉर्म-रिपोर्ट नव्याने बांधावे लागतात आणि व्हीबीए तर पुन्हा लिहावाच लागतो.

म्हणून प्रश्नाचे दोन तुकडे करा. माहिती कुठे राहणार, हा पहिला. ती पडद्यावर कशातून दिसणार, हा दुसरा. पहिल्या निर्णयाचं वजन जास्त आहे, कारण फॉर्म बदलत राहतात पण माहिती वीस-वीस वर्षं तीच असते. आमचा सल्ला असा: एकापेक्षा जास्त माणसं नोंदी करत असतील तर माहिती आधी पोस्टग्रेस्क्यूएल (थोडक्यात पोस्टग्रेस) या मोफत डेटाबेसमध्ये हलवा, ॲक्सेसचे जुने फॉर्म काही महिने तिलाच जोडून वापरा, आणि मग एकेक फॉर्म सावकाश बदला. सगळं एका शनिवार-रविवारी उरकायला जाऊ नका. सोमवारी खिडकीवर पावती फाडायला माणसं उभी असतात.

निवडीआधीची यादी

विंडोजचा एखादा संगणक चालू आहे तोवरच ही यादी करा. ॲक्सेसमध्ये ‘डेटाबेस टूल्स’खाली ‘डेटाबेस डॉक्युमेंटर’ आहे. टेबलं, रकाने, त्यांचे प्रकार, इंडेक्स, क्वेरी यांचा सगळा तपशील तो छापून देतो. टेबलांमधल्या नात्यांच्या आकृतीची वेगळी पीडीएफ काढा. प्रत्येक रिपोर्टचाही एक नमुना पीडीएफ म्हणून ठेवा. नंतर तोच रिपोर्ट नव्याने करताना कुठली बेरीज कुठे येत होती हे या कागदावरूनच कळतं.

मग चार गोष्टी तपासा. एकाच वेळी किती जण नोंदी करतात? फाइल किती मोठी आहे? ॲक्सेसच्या फाइलला दोन जीबीची मर्यादा आहे, आणि पुष्कळ ठिकाणी फोटो आत घातल्यामुळेच ती त्या टोकाला गेलेली असते. ‘अटॅचमेंट’ किंवा एका चौकटीत अनेक उत्तरं साठवणारे रकाने आहेत का? इतर डेटाबेसमध्ये त्यांना थेट जोड नाही, त्यांच्यासाठी वेगळं टेबल करावं लागेल. आणि फाइलला पासवर्ड आहे का? असेल तर तो विंडोजवरच काढा. कुलूपबंद एसीसीडीबी फाइल लिनक्सवरच्या साधनांना सहसा उघडता येत नाही.

तुमचं काम सगळीकडे सारखंच असेल, तर डेटाबेस निवडण्याआधी तयार सॉफ्टवेअर बघा. वाचनालयासाठी कोहा आहे. ते मुळात लिनक्सवरच चालतं आणि आत मारियाडीबी किंवा मायएसक्यूएल हा डेटाबेस वापरतं. पुस्तकं, सभासद, देवघेव, दंड हे सगळं त्यात आहे. वाचनालयाने स्वतःचे फॉर्म बांधत बसण्यात काही अर्थ नाही.

कोण कशासाठी बरा

एकच माणूस एकाच संगणकावर काम करणार असेल तर एसक्यूलाइट. अख्खा डेटाबेस म्हणजे एक फाइल, सर्व्हर नाही, देखभाल जवळजवळ नाही. तीच फाइल विंडोज, लिनक्स आणि मॅकवर जशीच्या तशी उघडते, त्यामुळे पुढे पुन्हा यंत्रणा बदलली तरी काही हलवावं लागत नाही. ‘डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट’ या मोफत प्रोग्रॅममधून टेबलं बघता-बदलता येतात. दोन गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवा. टेबलांमधली नाती पाळण्याची सक्ती यात मुळात बंद असते, दर जोडणीला ‘फॉरेन कीज’ची प्राग्मा आज्ञा देऊन ती चालू करावी लागते. आणि तारखेला स्वतंत्र प्रकार नाही. तारीख वर्ष-महिना-दिवस अशा मजकुरात ठेवायची, नाहीतर क्रम बिघडतो.

ही फाइल नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवून चार संगणकांवरून उघडण्याचा मोह होतो, कारण ॲक्सेसची फाइल तशीच वापरायची सवय असते. ते करू नका. नेटवर्क फोल्डरवर फाइलचं कुलूप भरवशाने लागत नाही. दोघांनी एकाच क्षणी लिहिलं की फाइल खराब होऊ शकते. एसक्यूलाइटचे कर्तेच याबद्दल सावध करतात.

लिबरऑफिस बेसबद्दल मोठा गैरसमज आहे. बेस म्हणजे मुख्यतः पडदा: फॉर्म, क्वेरी, रिपोर्ट. नवी फाइल करताना काहीच न बदलता पुढे गेलात तर तो आतमध्ये एचएसक्यूएलडीबी नावाचा जुना, जावावर चालणारा डेटाबेस भरतो आणि माहिती त्याच ओडीबी फाइलच्या पोटात ठेवतो. ती फाइल म्हणजे एक झिप असते. प्रोग्रॅम मधेच बंद पडला किंवा वीज गेली तर नुकत्याच केलेल्या नोंदी जाण्याचा धोका असतो. शिकायला हे ठीक, पण संस्थेचं दप्तर यात ठेवू नये. बेस बाहेरच्या पोस्टग्रेसला किंवा मारियाडीबीला जोडला की तोच बेस उपयोगी पडतो. उबुंटूवर त्यासाठी बेसचं मूळ पॅकेज, पोस्टग्रेसच्या जोडणीचं पॅकेज आणि रिपोर्ट बिल्डर ही तिन्ही बसवा. फक्त लिबरऑफिस असून भागत नाही.

मारियाडीबी तेव्हा घ्या, जेव्हा वरचं तयार सॉफ्टवेअरच ते मागतं: वर्डप्रेस, कोहा आणि तशी इतर अनेक. फायरबर्डही दोन्ही यंत्रणांवर चालतो आणि हलका आहे, पण अडचण आली तर विचारायला जवळपास माणूस मिळणं कठीण.

एसक्यूएल सर्व्हर २०१७च्या आवृत्तीपासून लिनक्सवरही चालतो, किमान दोन जीबी मेमरी लागते. ॲक्सेसमधून त्यात जायला मायक्रोसॉफ्टचं मोफत मायग्रेशन असिस्टंट आहे. ते विंडोजवर चालतं आणि टेबलं हलवून जुन्या फाइलला परत जोडूनही देतं. विकत घेतलेलं सॉफ्टवेअर एसक्यूएल सर्व्हरच मागत असेल तर हाच रस्ता. फुकट मिळणाऱ्या एक्सप्रेस प्रकाराला २०२२च्या आवृत्तीपर्यंत दर डेटाबेसला दहा जीबीची मर्यादा होती, आणि रिपोर्टिंग सर्व्हिसेस लिनक्सवर चालत नाहीत, हे आधी बघून घ्या.

राहिला पोस्टग्रेस. मोफत आहे, परवान्याची कटकट नाही, दर मुख्य आवृत्तीला पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात. उबुंटू २४.०४बरोबर १६वी आवृत्ती येते, डेबियन १३बरोबर १७वी. त्याची नियमांची शिस्त कडक आहे: आकड्याच्या रकान्यात मजकूर घातला की ते नाकारतं, ३० फेब्रुवारी स्वीकारत नाही. पहिल्या आठवड्यात याचा राग येतो. पण ॲक्सेसमध्ये वर्षानुवर्षं साचलेला केरकचरा त्यामुळेच समोर येतो, आणि तो हलवतानाच काढणं सगळ्यात स्वस्त.

वाइनवर, म्हणजे विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या साधनावर, ॲक्सेस चालवायचा प्रयोग रोजच्या कामासाठी करू नका. अगदीच गरज असेल तर लिनक्सच्या संगणकावर व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे संगणकातल्या आभासी संगणकात, विंडोज ठेवा, पण जुन्या नोंदी बघण्यापुरतंच.

मराठी मजकुराची तपासणी

हा भाग इंग्रजी मार्गदर्शकांत सापडत नाही आणि आपल्याकडची निम्मी डोकेदुखी इथेच असते.

आधी बघा की मजकूर खरोखर युनिकोडमध्ये आहे का. टेबलातलं एक नाव उचलून नोटपॅडमध्ये चिकटवा आणि फॉन्ट एरियल करा. मराठी अक्षरं दिसली तर युनिकोड. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसली तर तो शिवाजी, कृतिदेव किंवा श्रीलिपी अशा जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर आहे. तिथे साठवलेली अक्षरं रोमनच असतात, फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. लिनक्सवर तो फॉन्ट घातला तर ते वाचता येईल, पण शोध, क्रमवारी, वेबवर दाखवणं यातलं काहीच नीट होणार नाही. रूपांतर करायचं ते आत्ताच.

रूपांतरक त्याच फॉन्टचा हवा, कारण प्रत्येक फॉन्टमध्ये कुठलं अक्षर कुठे बसवलंय हे वेगळं असतं. एकाच कंपनीच्या दोन फॉन्टमध्येही फरक असू शकतो. आधी पन्नासेक नोंदी बदलून बघा आणि मुद्दाम अवघड शब्द तपासा: श्रीकृष्ण, ज्ञानेश्वर, कुऱ्हाडे, पार्वती, दृष्टी. रफार आणि ऱ्हस्व इकार चुकीच्या अक्षरावर जाणं हा नेहमीचा दोष. दुसरा धोका मिश्र रकान्यांचा. पत्त्याच्या रकान्यात अर्ध्या नोंदी जुन्या फॉन्टमध्ये आणि अर्ध्या साध्या इंग्रजीत असतील तर सरसकट रूपांतराने इंग्रजी पत्त्यांचा, पॅन क्रमांकांचा, ईमेलचा चुराडा होतो. अशा नोंदी आधी वेगळ्या काढाव्या लागतात, आणि तिथे माणसाच्या डोळ्यांना पर्याय नाही.

युनिकोड असलं तरी दोन खाचखळगे उरतात. ‘ॲड.’ हे तीन प्रकारे टंकलेलं असू शकतं: ॲ हे एकच अक्षर म्हणून, अ आणि वर अर्धचंद्र म्हणून, किंवा त्या दोघांच्या मधे न दिसणारं जोडचिन्ह घालून. डोळ्यांना तिन्ही सारखीच दिसतात, डेटाबेसला तीन वेगळे शब्द वाटतात. ‘कुऱ्हाडे’मधल्या ऱ्हचंही तसंच: नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि ते अदृश्य जोडचिन्ह. खिडकीवरच्या माणसाला ‘कुऱ्हाडे सापडत नाहीत’ एवढंच दिसतं. पोस्टग्रेसच्या १३व्या आवृत्तीपासून मजकूर एकसारखा करणारं नॉर्मलाइझ फंक्शन आहे, पण या जोड्या ते एकत्र आणत नाही. माहिती भरतानाच तुम्ही ठरवलेल्या एका रूपात बदलून घ्या. मात्र जोडचिन्ह सगळीकडून पुसून टाकू नका, फक्त या ठरावीक जोड्यांतच बदला.

मग क्रमवारी. युनिकोडच्या नुसत्या आकड्यांप्रमाणे लावलं तर ळ हा लच्या लगेच मागे येतो, ‘क्षमा’ ‘खंडू’च्या आधी आणि ‘ज्ञानेश्वर’ ‘झुंबर’च्या आधी. आपल्या सवयीच्या वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ शेवटी हवेत. पोस्टग्रेसच्या १५व्या आवृत्तीपासून अख्ख्या डेटाबेससाठी आयसीयू या सॉफ्टवेअर-लायब्ररीचे भाषानिहाय नियम निवडता येतात. डेटाबेस तयार करतानाच साचा म्हणून टेम्प्लेट झिरो, एन्कोडिंग यूटीएफ-८, प्रोव्हायडर आयसीयू आणि भाषा मराठी-भारत असं सांगा. नंतर बदलायचं म्हणजे सगळं उतरवून पुन्हा भरायचं. दहा नावांचं चाचणीचं टेबल करून क्रम डोळ्यांनी बघा आणि मगच खरी माहिती भरा.

रकान्यांची नावं मराठीत ठेवायची हौस असेल तर एक मर्यादा आहे. पोस्टग्रेसमध्ये नाव ६३ बाइटपर्यंतच चालतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं आणि काना-मात्रा-हलन्त हेही स्वतंत्र मोजले जातात, म्हणजे एकूण २१ चिन्हं. पुढचं नाव कापलं जातं. रोमन लिपीतली, सगळी छोट्या अक्षरांतली, मधे जागा नसलेली नावं घ्या, पुढे खूप त्रास वाचेल. अवतरणचिन्हं न घातलेलं नाव पोस्टग्रेस आपोआप छोट्या अक्षरांत बदलतं. मोठी अक्षरं असलेलं नाव अवतरणात घालून टेबल केलंत, तर पुढे दरवेळी ती अवतरणं घालत बसावं लागतं.

माहिती बाहेर काढताना

लिनक्सवर एमडीबी-टूल्स नावाचा संच आहे. टेबलांची यादी, त्यांची रचना आणि प्रत्येक टेबलाची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेला साधा मजकूर) त्यातून निघते. जावा चालत असेल तर यूकॅनॲक्सेस हा ड्रायव्हर डीबीव्हर या डेटाबेस बघण्याच्या प्रोग्रॅममध्ये घालून तीच फाइल पडद्यावर उघडता येते. दोन्ही मार्गांनी मूळ फाइलच्या प्रतीवरच काम करा, आणि त्याआधी विंडोजवर ‘कॉम्पॅक्ट अँड रिपेअर’ चालवून घ्या.

सगळ्यात महागात पडणारी चूक तारखेची आहे. एमडीबी-टूल्समधून काही न सांगता सीएसव्ही काढली तर तारीख महिना-दिवस-वर्ष अशी आणि वर्ष दोनच अंकी येतं. पोस्टग्रेस दोन अंकी वर्षात ७० ते ९९ला एकोणिसशे आणि ०० ते ६९ला दोन हजार धरतं. १९४८ साली जन्मलेले ज्येष्ठ सभासद २०४८मध्ये जन्माला येतात, आणि कुठेही त्रुटीचा संदेश येत नाही. निर्यात करताना तारखेचा आणि तारीख-वेळेचा, असे दोन्ही साचे चार अंकी वर्षाने सुरू होतील असे स्वतः द्या. भरून झाल्यावर सगळ्यात जुनी आणि सगळ्यात नवी जन्मतारीख काढून बघा. भविष्यातली तारीख दिसली की तिथेच थांबा. ज्या रकान्यात फक्त वेळ होती तिथे ३० डिसेंबर १८९९ ही तारीख दिसेल. ॲक्सेस दिवस तिथून मोजतं. असे रकाने नुसत्या वेळेच्या प्रकारात घ्या.

पैशांचा ‘करन्सी’ रकाना चार दशांशांचा नेमका आकडा साठवतो. त्याला १९ अंकी, चार दशांशांचा न्यूमेरिक प्रकार द्या. ‘डबल’ किंवा ‘रिअल’ दिलात तर पैशा-दोन पैशांचे फरक हळूहळू बेरजेत उतरतात. होय-नाहीच्या रकान्यात ॲक्सेस ‘होय’साठी उणे एक ठेवतं. बुलियन प्रकार द्या, रिकामा ठेवायला मनाई करा आणि काही भरलं नाही तर धरायचं मूल्य (डिफॉल्ट) ‘नाही’ ठेवा. लांब मजकूर टेक्स्टमध्ये जाऊ दे. फोटो डेटाबेसबाहेर फोल्डरमध्ये काढा आणि फक्त फाइलचं नाव साठवा. इथे लिनक्सचा एक नियम आडवा येतो: फाइलच्या नावात मोठं-छोटं अक्षर वेगळं धरलं जातं. विंडोजवर शेवटी मोठ्या अक्षरांत जेपीजी लिहिलेली फाइल छोट्या अक्षरांनी मागितली तरी मिळायची, इथे मिळणार नाही. सगळी नावं एकदाच छोट्या अक्षरांत करून टाका, आणि मार्गातली उलटी तिरपी रेघ सुलटी करा.

आपोआप वाढणाऱ्या क्रमांकाची गोष्ट जवळपास सगळेच विसरतात. जुन्या नोंदी त्यांच्या क्रमांकांसह भरल्या तरी पोस्टग्रेसचा मोजणारा काटा एकवरच असतो. पहिली नवी नोंद केली की ‘हा क्रमांक आधीच आहे’ अशी त्रुटी येते. भरणी संपली की प्रत्येक टेबलासाठी सेटव्हॅल फंक्शनने तो काटा सर्वांत मोठ्या क्रमांकावर आणून ठेवा.

शेवटी मेळ घाला. प्रत्येक टेबलाच्या नोंदींची संख्या, दर आर्थिक वर्षाची रकमांची बेरीज, रिकाम्या चौकटींची संख्या, हे तिन्ही आकडे जुन्या आणि नव्या ठिकाणी एकसारखे यायला हवेत. एक रुपयाचा फरकही सोडून देऊ नका. तो बहुधा दशांशाचा किंवा अर्धवट आलेल्या एखाद्या ओळीचा माग असतो.

जुने फॉर्म नव्या डेटाबेसला जोडणं

सर्व्हरचा संगणक फार मोठा नको. पाच-दहा माणसांच्या कार्यालयाला आठ जीबी मेमरी, एसएसडी आणि चांगला यूपीएस पुरे. पोस्टग्रेस बसवल्यावर सुरुवातीला फक्त त्याच संगणकावरून बोलतं. मुख्य सेटिंगच्या फाइलमध्ये लिसन ॲड्रेसेसला सर्व्हरचा पत्ता द्या. प्रवेशाच्या फाइलमध्ये, म्हणजे पीजी-एचबीएमध्ये, फक्त कार्यालयाच्या नेटवर्कला परवानगी देणारी ओळ घाला, तिथे पासवर्डची पद्धत स्क्रॅम ठेवा, आणि सेवा पुन्हा चालू करा. सर्व्हरला कायमचा आयपी पत्ता द्या, फायरवॉलमधून ५४३२ हे पोर्ट कार्यालयापुरतंच उघडा. इंटरनेटवर ते कधीही उघडू नका.

विंडोजच्या संगणकांवर ॲक्सेसला पोस्टग्रेसशी जोडणारा ओडीबीसी ड्रायव्हर बसवा. तो ‘युनिकोड’ आणि ‘एएनएसआय’ अशा दोन नावांनी दिसतो. मराठीसाठी युनिकोडच घ्या, दुसऱ्यात प्रश्नचिन्हं दिसतील. ॲक्सेस ३२ बिटचं असेल तर ड्रायव्हरही ३२ बिटचाच हवा, विंडोज ६४ बिटचं असलं तरीही. ड्रायव्हर बसवूनही यादीत दिसत नाही, ही तक्रार बहुतेक वेळा इथेच मिटते.

जोडलेली टेबलं ॲक्सेसमध्ये ‘पब्लिक’ आणि अधोरेघ असा उपसर्ग लागून येतात. तो काढून जुनंच नाव द्या, म्हणजे फॉर्म त्यांना ओळखतील. प्रत्येक टेबलाला प्राथमिक किल्ली, म्हणजे प्रत्येक नोंद वेगळी ओळखणारा रकाना, असलीच पाहिजे, नाहीतर ते नुसतं वाचता येतं. किल्ली साधी पूर्णांक ठेवा. बिगइंट ठेवलीत तर जुन्या ॲक्सेसमध्ये प्रत्येक चौकटीत ‘डिलिटेड’ असं दिसू लागतं. माहिती जागेवरच असते, पण ॲक्सेसला किल्ली नीट वाचता येत नसल्याने ती नोंद पुन्हा सापडत नाही. ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये ‘बूल्स ॲज चार’ची खूण काढा आणि ‘ट्रू इज मायनस वन’ची लावा. ‘दुसऱ्या कुणीतरी ही नोंद बदलली आहे’ असा संदेश एकट्यानेच काम करतानाही येत असेल तर ‘रो व्हर्जनिंग’ चालू करा. लिहिण्याआधी ॲक्सेस सगळ्या चौकट्यांची जुनी मूल्यं ताडून बघतं आणि दशांशाच्या किंवा सेकंदाच्या सूक्ष्म फरकावर अडतं. तारीख-वेळेच्या रकान्यात सेकंदाचे अंश ठेवूच नका.

या टप्प्यावर सगळे नेहमीचेच फॉर्म वापरत असतात आणि माहिती मात्र लिनक्सवर सुरक्षित असते. नवे फॉर्म शांतपणे करायला हीच वेळ. एक-दोन टेबलांच्या साध्या नोंदींना पोस्टग्रेसला जोडलेला बेस पुरतो. पाचपेक्षा जास्त माणसं असतील किंवा मोबाइलवरूनही बघायचं असेल तर ब्राउझरमधला फॉर्म बरा. पायथॉन भाषेत वेबचे प्रोग्रॅम बांधायच्या जँगो या साधनाची इन्स्पेक्टडीबी आज्ञा तुमच्या टेबलांवरून कोडचा सांगाडा लिहून देते आणि त्याचा ॲडमिन विभाग नोंदी भरण्याचे पडदे जवळजवळ तयार देतो. पायथॉन येणारा एखादा विद्यार्थीही हे काम करू शकतो.

क्वेरी हलवताना ठरावीक बदल लागतात. आयआयएफच्या जागी केस, एनझेडच्या जागी कोअलेस, टॉपच्या जागी लिमिट, मजकूर जोडायला अँडच्या चिन्हाऐवजी दोन उभ्या रेघा, शोधात ताऱ्याऐवजी टक्क्याचं चिन्ह. ॲक्सेसच्या एसक्यूएलमध्ये हॅशच्या खुणांत लिहिलेली ०३/०४/२०२४ ही तारीख म्हणजे ४ मार्च. आपण ३ एप्रिल वाचतो. नव्या क्वेरीत वर्ष-महिना-दिवस असंच लिहा. ॲक्सेस रोमन अक्षरांत मोठं-छोटं बघत नाही, पोस्टग्रेस बघतं. ईमेल, वाहन क्रमांक, पॅन हे रकाने आधीच एका रूपात आणा. क्रॉसटॅब क्वेरी मात्र हातानेच नव्याने लिहाव्या लागतात.

डेटाबेस तोच, यंत्रणा वेगळी

कधीकधी विंडोजवरही मारियाडीबी किंवा पोस्टग्रेसच असतं, आणि ‘तोच तर डेटाबेस आहे’ म्हणून फोल्डर उचलून लिनक्सवर टाकलं जातं. पोस्टग्रेसचं डेटा फोल्डर असं यंत्रणा ओलांडून चालत नाही. पीजी-डंपने उतरवा आणि पीजी-रिस्टोअरने भरा. तेव्हाही डेटाबेस आधी स्वतः तयार करा, कारण विंडोजमधली स्थानिक भाषेची नावं लिनक्सला ओळखू येत नाहीत आणि भरणी पहिल्याच ओळीला थांबते.

मारियाडीबी आणि मायएसक्यूएलमध्ये गाठ असते टेबलांच्या नावांची. विंडोजवर मोठं-छोटं अक्षर चालून जातं, लिनक्सवर टेबलाचं नाव फाइलच्या नावासारखंच काटेकोर धरलं जातं. महिनोन्‌महिने चाललेला कोड अचानक ‘टेबल अस्तित्वात नाही’ म्हणजे ११४६ क्रमांकाची त्रुटी देतो. लोअर केस टेबल नेम्स ही सेटिंग एकवर ठेवून हे सुटतं, पण मायएसक्यूएल ८मध्ये ती पहिल्यांदा सर्व्हर उभारतानाच देता येते. नंतर बदलली तर सर्व्हर सुरूच होत नाही.

लिनक्सवरून लिनक्सवर जातानाही एक धोका आहे. मजकुराचा क्रम ठरवणारी जीलिबसी ही मूळ लायब्ररी २०१८मध्ये २.२८ या आवृत्तीत बदलली. डेबियन ९वरून १०, उबुंटू १८.०४वरून २०.०४ किंवा रेड हॅट ७वरून ८ असा बदल करताना पोस्टग्रेसचं फोल्डर जागेवरच ठेवलं तर जुने इंडेक्स नव्या क्रमाशी जुळत नाहीत. मग असलेली नोंद शोधात सापडत नाही, किंवा एकच नाव दोनदा शिरतं. उपाय सोपा आहे: बदलानंतर लगेच मजकुराचे सगळे इंडेक्स री-इंडेक्सने पुन्हा बांधा.

बॅकअपसाठी रोज रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी लिनक्सची सेवा) पीजी-डंप चालवा आणि प्रत दुसऱ्या संगणकावर किंवा बाहेरच्या डिस्कवर जाऊ द्या. महिन्यातून एकदा ती प्रत रिकाम्या डेटाबेसमध्ये भरून नोंदी मोजा. जुनी ॲक्सेस फाइल केवळ वाचण्यापुरती करून ठेवा, आणि पुढचं लेखापरीक्षण नव्या रिपोर्टांवर पार पडेपर्यंत विंडोजचं ते एक व्हर्च्युअल मशीन काढू नका.